मतदानाची शेवटची वेळ आणि मोजणीचा शेवटचा आकडा

फ्लोरिडाच्या नकाशात पश्चिमेकडे एक लांबट पट्टा दिसतो. तो अलाबामा राज्याच्या पायथ्याशी जाऊन टेकतो. पेन्साकोला शहर या पट्ट्यात आहे आणि तिथली घड्याळे मायामीच्या घड्याळांपेक्षा एक तास मागे चालतात. राज्याचा नियम सोपा आहे. मतदान स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी सात ते संध्याकाळी सात. त्यामुळे मायामीत मतदान संपते तेव्हा पेन्साकोलात सहाच वाजलेले असतात आणि कामावरून सुटलेली माणसे मतदानाला निघालेली असतात. ७ नोव्हेंबर २००० च्या संध्याकाळी या पट्ट्यातली केंद्रे बंद व्हायला दहाएक मिनिटे उरली होती. तेवढ्यात देशातल्या मोठ्या वाहिन्यांनी फ्लोरिडा अल गोर यांनी जिंकल्याचे जाहीर करून टाकले. साधारण दोन तासांनी तो अंदाज मागे घेतला. मध्यरात्र उलटून दोन वाजून गेल्यावर त्याच वाहिन्यांनी जॉर्ज बुश यांना विजयी ठरवले. गोर यांनी बुशना फोन करून पराभव मान्य केला आणि नंतर पुन्हा फोन करून तो शब्द परत घेतला. दुसऱ्या दिवशी सुमारे साठ लाख मतांमध्ये बुश यांची आघाडी १,७८४ मतांची दिसत होती. राज्याच्या कायद्यात लिहिलेले होते की फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर मोजणी पुन्हा करायची.

या पुस्तकाचे दोन्ही विषय त्या रात्री एकाच राज्यात एकत्र आले: मतदान किती वाजता संपते आणि मोजलेली मते पुन्हा कधी मोजायची. एरवी हे नियम कोणी वाचत नाही. निवडणूक कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांपुरते ते असतात असे वाटते. पण अमेरिकेसारख्या देशात, जिथे राष्ट्राध्यक्षपद काही शे मतांवर अडू शकते, तिथे हरणारा माणूस आपली हार कशाच्या जोरावर मान्य करतो, याचे उत्तर मला याच नियमांत सापडले. निकाल कोणाच्या बाजूने जाणार हे ठाऊक नसताना नियम लिहिलेला असेल, तर त्याच्यासमोर दोघेही मान झुकवतात. मोजणी चालू असताना नियम ठरवायला बसले की प्रत्येक बदल कोणाला तरी झुकते माप देणाराच दिसतो. हे सांगण्यासाठी मी पुढची प्रकरणे लिहिली आहेत.

मराठी वाचकाला प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे निवडणूक आयोग आहे, तसा अमेरिकेत नाही. तिथला फेडरल इलेक्शन कमिशन प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवतो, मतदान घेत नाही. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवले आहे; काँग्रेसला त्यात बदल करता येतो. १८४५ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस ठरवला, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. दिवस ठरला, तास ठरले नाहीत. तास राज्यांनी ठरवले आणि काही राज्यांनी ते गावांवर सोडले. प्रत्यक्ष काम काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, कर्मचारी करतात, आणि त्यांच्या वर बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेट हा त्या राज्याचा पदाधिकारी असतो. तो बहुधा स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदानाची वेळ आयोगाकडे दिली आहे. एका दिवशी निदान आठ तास मतदान चालले पाहिजे एवढी अट आहे. आयोगाने ठरवले की गडचिरोलीत दुपारी तीनला केंद्रे बंद होतात आणि पुण्यात सहाला. अमेरिकेत असे ठरवणारे एकच कार्यालय कुठेही नाही.

त्यामुळे तासांचे चित्र फार विषम आहे. न्यूयॉर्कमध्ये मतदान सकाळी सहा ते रात्री नऊ, पंधरा तास चालते. इंडियाना आणि केंटकी या एकमेकांशेजारच्या राज्यांत ते सहा ते सहा, बारा तासच. न्यू जर्सीत सहा ते आठ, कॅलिफोर्नियात सात ते आठ. नॉर्थ कॅरोलिनाने साडेसहा ते साडेसात अशी वेळ धरली आहे. व्हर्मॉन्टमध्ये केंद्र केव्हा उघडायचे ते गाव ठरवते, बंद मात्र सगळीकडे सातला. न्यू हॅम्पशायरमध्ये सगळ्या नोंदलेल्या मतदारांनी मत दिले की लहान गावाला केंद्र बंद करता येते. या सवलतीमुळे डिक्सव्हिल नॉच ही चिमुकली वस्ती १९६० पासून मध्यरात्री बाराला मतदान उरकते आणि काही मिनिटांत निकाल सांगते. २०२४ मध्ये तिथे सहा मते पडली. तीन कमला हॅरिस यांना, तीन डोनाल्ड ट्रम्प यांना.

डिक्सव्हिल नॉचची बातमी दर चार वर्षांनी कौतुकाने छापली जाते. इंडियाना आणि केंटकीच्या सहा वाजण्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. सकाळी सहाला कारखान्यात किंवा गोदामात पाळी सुरू होणाऱ्या माणसाला त्या बारा तासांतले नेमके किती तास मिळतात? पाळी संपवून, मुलाला पाळणाघरातून घेऊन तो केंद्रावर पोहोचेपर्यंत दार बंद झालेले असते. काही राज्यांनी यावर कामगार कायद्यात तोड काढली. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मतदारापाशी पुरेसा वेळ नसेल तर मालकाने दोन तासांपर्यंत पगारी सुट्टी द्यावी असा नियम आहे. पण देशभर लागू होणारा असा कायदा नाही, आणि तो मंगळवारही राष्ट्रीय सुट्टीचा नाही. मतदानाआधीचे अनेक दिवस केंद्रे उघडी ठेवण्याची पद्धत आता बहुतेक राज्यांत आहे. ओरेगनने १९९८ मध्ये लोकमताने टपाली मतदान स्वीकारले आणि २००० ची सार्वत्रिक निवडणूक पूर्णपणे टपालाने घेतली. पुढे वॉशिंग्टन, कोलोरॅडो, युटा ही राज्ये त्याच वाटेने गेली. तिथे रांग नाही, पण शेवटची वेळ आहेच. ओरेगनमध्ये रात्री आठला मतपेट्यांच्या फटी बंद केल्या जातात.

या वेळांचा महाराष्ट्रातल्या घराशी एक सरळ संबंध आहे. ज्यांची मुले, भाचे, भावंडे तिकडे आहेत ती माणसे निवडणुकीनंतरच्या बुधवारी पहाटे टीव्हीसमोर बसतात. इंडियाना आणि केंटकीच्या पूर्वेकडील भागांतली केंद्रे बंद होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. न्यू जर्सीची साडेसहाला, कॅलिफोर्नियाची साडेनऊला. अलास्काच्या अल्यूशन बेटांवरचे शेवटचे केंद्र बंद होते तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतात. पहाटे साडेचारला पडद्यावर दिसणारे पहिले आकडे इंडियाना-केंटकीचे असतात म्हणून लाल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या रंगाचे, असतात. त्यावरून देशाचा कल समजत नाही. कोणत्या राज्याने दार आधी मिटले एवढेच समजते. तिकडे मध्यरात्रीनंतर आघाडी फिरली की घोटाळ्याचे संदेश फोनवर येऊ लागतात. आघाडी का फिरली याचे कारण बहुधा राज्याच्या नियमात असते. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतपत्रिकांची पाकिटे मतदानाच्या दिवसाच्या सकाळपर्यंत उघडता येत नाहीत. फ्लोरिडात त्यांची छाननी बरीच आधी सुरू होते. ज्या राज्यात पाकिटे उशिरा उघडतात, त्या राज्याचा आकडा उशिरा येतो.

देशभर मतदान एकाच क्षणी संपवावे असा प्रयत्नही झाला. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीने पूर्व किनाऱ्याच्या वेळेने सव्वाआठला रोनाल्ड रेगन यांचा विजय जाहीर केला. दहा वाजायच्या आत जिमी कार्टर यांनी पराभव मान्य केला. पश्चिम किनाऱ्यावर मतदानाचा एक तास अजून शिल्लक होता. रांगा सोडून लोक घरी गेले अशा तक्रारी आल्या. ओरेगनमधले काँग्रेसचे ज्येष्ठ सदस्य अल उल्मन त्या वर्षी थोड्या मतांनी हरले, आणि त्या हारेचा दोष या घाईला देणारे पुष्कळ होते. नंतरच्या दशकात मतदान देशभर एकाच वेळी संपवणारी विधेयके आली. ती प्रतिनिधीगृहाने मंजूर केली, कायदा मात्र झाला नाही. भारतात शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे दाखवायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत अशी बंदी घटनेच्या पहिल्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, दुरुस्तीपुढे टिकणार नाही, म्हणून तिथे वाहिन्यांनी स्वतःच राज्यातली शेवटची केंद्रे बंद होईपर्यंत थांबायचे ठरवले आहे. २००० च्या त्या दहा मिनिटांतून त्यांनी घेतलेला हा धडा आहे.

वेळेच्या नियमाला एक पोटनियम असतो आणि त्याच्याबद्दल मला सर्वात जास्त आस्था आहे. दार मिटण्याच्या क्षणी जो रांगेत उभा आहे, त्याला मत देता आलेच पाहिजे. अमेरिकेतल्या राज्यांत हा नियम आहे आणि आपल्याकडेही आहे. सहा वाजता केंद्राधिकारी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात सायंकाळी उशिरा पडलेल्या मतांवरून मोठा वाद झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते वाचकाने आपले आपण ठरवावे. पण रांगेचा नियम मुळात कोणासाठी आहे हे विसरू नये. केंद्रावरची यंत्रे बिघडली, कर्मचारी कमी पडले, तर त्याची शिक्षा वेळेवर आलेल्या मतदाराला होऊ नये यासाठी तो आहे.

आणि रांगेतच नसलेल्यांचे काय? पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत २०२२ मध्ये मतपत्रिका छापण्याचा कागदच संपला. न्यायाधीशांनी मतदान रात्री दहापर्यंत वाढवले. याउलट २००० मध्ये सेंट लुईस शहरात गर्दी आणि गोंधळामुळे एका न्यायाधीशाने केंद्रे दहापर्यंत उघडी ठेवायला सांगितली आणि वरच्या न्यायालयाने पाऊण तासातच तो आदेश रद्द केला. मधल्या वेळेत मते पडली, ती वैध की अवैध? याच प्रश्नातून २००२ च्या ‘हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट’ या केंद्रीय कायद्यात एक कलम आले. न्यायालयाच्या आदेशाने वाढवलेल्या वेळेत पडलेले मत तात्पुरत्या मतपत्रिकेवर घ्यायचे आणि बाकीच्या मतांपासून वेगळे ठेवायचे. नंतर आदेश फिरला तर तेवढीच मते बाजूला काढता येतात. मला हे कलम फार शहाणपणाचे वाटते. मतदाराला परत पाठवले जात नाही आणि वाद मिटेपर्यंत त्याचे मत हरवतही नाही.

आता फेरमोजणी. इथे राज्यांमधले अंतर तासांच्या अंतराहून मोठे आहे. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, ॲरिझोना येथे फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला की मोजणी आपोआप पुन्हा होते, कोणी अर्ज करायचा नसतो. मिशिगनमध्ये, जिथून मराठी भाषक श्री ठाणेदार काँग्रेसवर निवडून गेले आहेत, राज्यव्यापी निवडणुकीसाठी हा आकडा टक्क्यांत नाही, दोन हजार मतांचा आहे. जॉर्जियात अर्धा टक्का, पण हरलेल्याने मागणी करावी लागते. व्हर्जिनियात आपोआप काहीच होत नाही. फरक एक टक्क्याच्या आत असेल तर मागता येते आणि अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर खर्च सरकार करते. टेक्सासमध्ये जिंकलेल्याच्या मतांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक असला तरी मागता येते, पण पैसे स्वतः भरायचे. मिसिसिपीच्या कायद्यात फेरमोजणीची रीतच सांगितलेली नाही. उमेदवाराला मतपेट्या तपासता येतात. पुन्हा मोजायचे म्हणजे यंत्रातून पुन्हा फिरवायचे की माणसांनी एकेक कागद हातात घेऊन पाहायचा, याचीही उत्तरे राज्यागणिक वेगळी आहेत.

२००० मध्ये फ्लोरिडाने यंत्राने फेरमोजणी केली आणि बुश यांची आघाडी काही शेकड्यांवर आली. गोर यांच्या पक्षाने पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया या चार काउंटींत हाताने मोजणी मागितली. कायद्यात हाताने मोजायची सोय होती, मतदाराचा हेतू पाहावा असेही लिहिले होते, पण हेतू ओळखायचा कसा ते लिहिले नव्हते. त्या काळच्या मतपत्रिकेत नावासमोर छिद्र पाडायचे असे. कुठे कागदाचा तुकडा पूर्ण सुटलेला, कुठे एका कोपऱ्याला लटकलेला, कुठे नुसता दाब उमटलेला. एका काउंटीत दाब उमटलेला चालत होता, दुसरीत चालत नव्हता, आणि पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असतानाच कसोटी बदलली. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभर हाताने मोजणीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. १२ डिसेंबरच्या निकालात सात न्यायमूर्तींना वेगवेगळ्या कसोट्यांमध्ये समान वागणुकीचा भंग दिसला. पण आता दुरुस्तीला वेळ उरला नाही, असे म्हणणारे पाचच होते. बुश ५३७ मतांनी जिंकले.

त्या निकालावर आजही तावातावाने बोलले जाते. माझे मत असे की त्यातला मोठा दोष न्यायालयात बसलेल्यांचा नव्हता, तो आधीच्या वर्षांत स्वस्थ बसलेल्या विधिमंडळाचा होता. छिद्रांच्या मतपत्रिका काही त्या वर्षी आल्या नव्हत्या. लटकलेला तुकडा मोजायचा की नाही, हे एखाद्या शांत वर्षी दोन ओळींत लिहिता आले असते. नंतर फ्लोरिडाने छिद्रांच्या मतपत्रिका काढून टाकल्या. हाताने मोजणी केव्हा करायची (पाव टक्क्याच्या आत) आणि कोणती खूण मत मानायची, हे लिहून ठेवले. मुदतीही कडक केल्या. त्या किती कडक, हे २०१८ मध्ये दिसले. सिनेटच्या निवडणुकीच्या फेरमोजणीत ब्रॉवर्ड काउंटीने आपले आकडे मुदतीनंतर दोन मिनिटांनी पाठवले आणि ते स्वीकारले गेले नाहीत. पहिलीच मोजणी कायम राहिली. रिक स्कॉट १०,०३३ मतांनी जिंकले, म्हणून या दोन मिनिटांनी निकाल फिरला नाही. तरीही लाखो मतपत्रिकांची मेहनत घड्याळाकडे पाहून बाजूला ठेवावी, हे मला पटत नाही.

फेरमोजणीने निकाल क्वचितच बदलतो. २००० नंतरच्या दोन दशकांत राज्यव्यापी निवडणुकीचा निकाल तिने उलटवला तो तीनदाच: २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नरपद, २००६ मध्ये व्हर्मॉन्टचे लेखापरीक्षकाचे पद आणि २००८ मध्ये मिनेसोटाची सिनेटची जागा. तिन्ही ठिकाणी सुरुवातीचा फरक काही शे मतांचा किंवा त्याहून कमी होता. हजारो मतांनी हरलेला उमेदवार फेरमोजणीतून जिंकेल ही आशा आकडे पाहिले तर टिकत नाही. जॉर्जियाने २०२० मध्ये सुमारे पन्नास लाख मतपत्रिका हाताने तपासल्या आणि मग यंत्राने पुन्हा मोजल्या. काही काउंटींत न मोजलेली मते खरोखर सापडली, फ्लॉइड काउंटीत तर अडीच हजारांहून जास्त. तरी ज्यो बायडन यांची आघाडी ११,७७९ वर स्थिरावली. ॲरिझोनात २०२२ मध्ये ॲटर्नी जनरलच्या निवडणुकीत ५११ मतांची आघाडी फेरमोजणीत २८० झाली. एका काउंटीच्या चुका त्यातून उघड झाल्या. विजेता तोच राहिला. चूक सापडणे आणि निकाल उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फेरमोजणीचे खरे काम पहिले आहे.

वॉशिंग्टन राज्याचे प्रकरण मी सर्वात विस्ताराने लिहिले आहे. अठ्ठावीस लाखांच्या आसपास मतांत पहिल्या मोजणीत डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे होते. यंत्राच्या फेरमोजणीत ती आघाडी ४२ वर आली. मग क्रिस्टीन ग्रेगॉर यांच्या पक्षाने हाताने मोजणी मागितली आणि त्यासाठी सात लाख डॉलरहून अधिक अनामत भरली. ती चालू असताना सिअ‍ॅटल ज्या किंग काउंटीत आहे, तिथल्या परिषदेचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांना सही न जुळल्यामुळे बाद ठरलेल्या टपाली मतदारांच्या यादीत स्वतःचेच नाव दिसले. त्यांची सही कार्यालयाच्या संगणकात नीट चढलेलीच नव्हती, आणि असे शेकडो मतदार निघाले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मते मोजू दिली. ग्रेगॉर १२९ मतांनी जिंकल्या आणि नियमाप्रमाणे पक्षाची अनामत परत मिळाली. रॉसी न्यायालयात गेले. जून २००५ मध्ये वेनाची या गावात न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी निकाल कायम ठेवला आणि रॉसी यांनी पुढे अपील केले नाही.

ती अनामत मला अस्वस्थ करते. निकाल फिरला म्हणून परत मिळाली. पण ज्या उमेदवारामागे इतके पैसे उभे करणारा पक्ष नाही, त्याने काय करावे? विस्कॉन्सिनमध्ये २०१६ साली जिल स्टाइन यांनी सुमारे ३५ लाख डॉलर भरून फेरमोजणी करवली. ट्रम्प यांची आघाडी १३१ मतांनी वाढली. स्वतःला जिंकण्याची शक्यताच नव्हती अशा उमेदवाराने ती मागितली, म्हणून पुढच्या वर्षी राज्याने नियम बदलला. आता हरलेला उमेदवार आणि तोही एक टक्क्याच्या आत असेल तरच मागू शकतो. २०२० मध्ये ट्रम्प यांनी ३० लाख डॉलर भरून डेन आणि मिल्वॉकी या दोनच काउंटी पुन्हा मोजून घेतल्या. बायडन यांना ८७ मते जास्त मिळाली. आपल्याला हव्या त्या भागातली मते पैसे देऊन पुन्हा मोजून घेणे मला न्याय्य वाटत नाही. अरुंद फरकाची मर्यादा कायद्यात लिहून, त्याच्या आतली प्रत्येक मोजणी सरकारी खर्चाने आणि पूर्ण राज्यात करणारी राज्ये अधिक सरळ वागतात.

मिनेसोटाने २००८-०९ मध्ये मोजणी कशी उघड्यावर करता येते ते दाखवले. सिनेटच्या निवडणुकीत नॉर्म कोलमन अल फ्रँकन यांच्यापेक्षा २१५ मतांनी पुढे होते. कागदी मतपत्रिका हाताने तपासल्या गेल्या आणि दोन्ही उमेदवारांची माणसे टेबलाशी बसून आक्षेप घेत होती. आक्षेपाच्या मतपत्रिका पाच जणांच्या मंडळाने कॅमेऱ्यासमोर एकेक करून तपासल्या. त्यात सेक्रेटरी ऑफ स्टेटबरोबर चार न्यायाधीश होते. मतपत्रिकांची चित्रे लोकांना पाहायला मिळाली. चुकीने बाद ठरलेली ९३३ टपाली मते ३ जानेवारीला उघडली आणि अल फ्रँकन यांची आघाडी ४९ वरून २२५ वर गेली. न्यायालयीन दाव्यात ती ३१२ झाली. शपथ मात्र ७ जुलै २००९ ला झाली; सहा महिने मिनेसोटाचा एकच सिनेटर होता. उशीर झाला, पण प्रत्येक कागद सर्वांनी पाहिला होता.

मतांची बरोबरी झाली तर? व्हर्जिनियात २०१७ मध्ये न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या विधानसभेच्या जागेवर डेव्हिड यांसी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत शेली सायमंड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी एक मतपत्रिका पुन्हा पाहिली. तिच्यावर दोघांच्याही नावांसमोरचे वर्तुळ भरलेले होते आणि सायमंड्स यांच्या खुणेवर एक रेघ मारलेली होती. ते मत यांसी यांना देण्यात आले. दोघांना ११,६०८. जानेवारी २०१८ मध्ये वाडग्यातून चिठ्ठी काढली, यांसी जिंकले आणि त्यांच्या पक्षाचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे टिकले. २०१७ मध्येच मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना समान मते पडली होती आणि तिथेही चिठ्ठीनेच अतुल शहा विजयी ठरले. बरोबरीबाबतचा कायदा दोन्हीकडे जवळपास सारखा आहे. फेरमोजणीचा तसा नाही. आपल्याकडे १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला ६३ वा नियम उमेदवाराला निकाल जाहीर होण्याआधी लेखी मागणी करू देतो. ती मान्य करायची की फेटाळायची हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. अमुक फरक असेल तर मोजलेच पाहिजे असा आकडा त्यात नाही. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. तेव्हा असा आकडा आपल्या नियमात असायला हवा होता असे मला वाटले, आणि अमेरिकेतल्या राज्यांकडून घेण्यासारखी एखादी गोष्ट असेल तर ती हीच.

फेरमोजणी आणि न्यायालयीन दावा यांत गल्लत होऊ नये. फेरमोजणीत मते मोजतात. कोणाचे मत वैध होते हा वाद दाव्यात जातो. नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी २०२४ मध्ये ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी जिंकल्या आणि दोन फेरमोजण्यांतही हे मताधिक्य टिकले. जेफरसन ग्रिफिन यांनी मग ६० हजारांहून अधिक मतदारांची मते रद्द करावीत अशी मागणी केली. त्या मतदारांनी तेव्हाच्या प्रचलित नियमांप्रमाणेच मत दिले होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ती मागणी नाकारली: मतदान झाल्यावर नियम बदलून आधीची मते बाद करता येणार नाहीत. २०२४ च्या निवडणुकीतला हा शेवटचा निकाल. ज्या दिवशी मत दिले त्या दिवशीचा नियम मतदाराला लागू असला पाहिजे, हे सहा महिने भांडून मिळवावे लागले.

राज्यांचे नियम बदलत राहतात. या पुस्तकातली मर्यादा किंवा वेळ पाहून कोणी मतदानाला निघू नये. आपल्या काउंटीच्या कार्यालयाची त्या वर्षीची सूचना पाहावी. विशेषतः जे मराठी भाषक अलीकडे तिकडचे नागरिक झाले आहेत आणि पहिल्यांदा मत देणार आहेत त्यांनी. टपाली मतपत्रिकेवरची सही कार्यालयातल्या सहीशी जुळावी लागते. देवनागरीत सही करायची सवय असेल आणि नोंद रोमन सहीची असेल, तर किंग काउंटीतल्या मतदारांसारखे व्हायला वेळ लागत नाही.

पहिले प्रकरण न्यू हॅम्पशायरच्या १९७४ च्या सिनेट निवडणुकीचे आहे. लुई वायमन ३५५ मतांनी जिंकले, फेरमोजणीत जॉन डर्किन १० मतांनी, आणि राज्याच्या मतपत्रिका आयोगाने पुन्हा मोजल्यावर वायमन २ मतांनी. घटनेप्रमाणे आपल्या सदस्यांच्या निवडीचा अंतिम न्याय सिनेटच करते, म्हणून भांडण सिनेटकडे गेले. सिनेट महिनोन् महिने वादात अडकली आणि शेवटी जागा रिकामी जाहीर करून मोकळी झाली. सप्टेंबर १९७५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोक मतदानाला आले आणि डर्किन २७ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. तीन वेगवेगळ्या मोजण्यांत तीन वेगवेगळे आकडे का आले, कोणत्या मतपत्रिकांवर कोणी काय आक्षेप घेतला आणि त्यानंतर त्या राज्याने आपल्या नियमांत काय लिहून ठेवले, तिथून आपण सुरुवात करू.